यंत्र फिरते, कपडे मात्र ओलेच!

बेळगावचा आषाढ ज्यांनी एकदा अनुभवला आहे, त्यांना ओल्या कपड्यांची कहाणी नव्याने सांगण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरून आलेले ढग एकदा का आमच्या गावावर उतरले, की श्रावणातला ऊनपावसाचा खेळ सुरू होईपर्यंत हलण्याचे नाव घेत नाहीत. पाऊस मुसळधार असतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता भुरभुरत असतो. पण सूर्यनारायणाचे दर्शन म्हणून होत नाही. मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड सादळतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते आणि परवा धुतलेले सदरे घरातल्या दांडीवर आजही तितकेच ओले, वर कुबट वास मारीत लोंबत राहतात. इंदूर-बडोद्याच्या वाचकांना यात कदाचित अतिशयोक्ती वाटेल. गोव्याच्या वाचकांना मात्र वाटणार नाही.

आमच्या घरी २०२४ च्या एप्रिल महिन्यात नातवाचा जन्म झाला. माहेरचे बाळंतपण आटोपून सूनबाई जूनअखेरीस आमच्याकडे आली आणि तिच्यामागोमाग पाऊसही आला. दिवसाकाठी वीस-पंचवीस लंगोट आणि दुपटी, शिवाय घरातल्या पाच माणसांचे कपडे. सोप्यात, माजघरात, जिन्याच्या कठड्यावर, इतकेच नव्हे तर माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या दारांवरही दुपटी झळकू लागली. बाळाच्या मांड्यांना ओलसर कपड्यांनी पुरळ उठले, तेव्हा चिरंजिवांनी कोणाला न विचारता एक कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजे ड्रायर, घरी आणून ठेवला. साडेपाच किलो कपड्यांचा, दोन हजार वॅटची कॉइल असलेला आणि आतली ओली हवा मागच्या बाजूने जाड नळीवाटे बाहेर टाकणारा. मी त्या खर्चाला नाके मुरडली होती, हे येथे प्रांजळपणे सांगून टाकतो. पण पहिल्याच दिवशी दीड तासात बाहेर आलेली उबदार, कोरडी, मऊ दुपटी हाती घेतल्यावर माझा विरोध आपोआप गळून पडला.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे अर्ध-स्वयंचलित वॉशिंग मशीनमधल्या दुसऱ्या, अरुंद टाकीलाही सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. वास्तविक ती टाकी कपडे वाळवीत नाही. गरगर फिरवून पिळते एवढेच. तिच्यातून निघालेला कपडा पाणी गळत नाही म्हणून वाळल्यासारखा वाटतो, पण त्याला दांडी चुकत नाही. तिच्या दुखण्याविषयी पुढे दोन शब्द येतीलच. आमच्या घरी आले होते ते खरेखुरे वाळवणयंत्र, गरम हवेचे.

तीन आठवडे ते उत्तम चालले. मग काय झाले कोणास ठाऊक, दीड तासाचे दोन तास झाले, दोनाचे अडीच झाले. दार उघडावे तो आतून वाफेचा लोट यावा आणि कपडे गरम, पण ओले! गरम ओला कपडा हा प्रकार थंड ओल्या कपड्याहून अधिक चीड आणणारा असतो, असा माझा अनुभव आहे. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस तर कहर झाला. ड्रम फिरत होता, दिवा लागत होता, घरघर ऐकू येत होती. पण हवा साफ थंडगार. त्याच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई म्हणाली होती, “बाबा, मशीनजवळ काहीतरी करपल्यासारखा वास येतोय.” मी वर्तमानपत्रात डोके घातले होते. “नवीन यंत्राचा वास असेल,” असे म्हणून मी तो विषय संपविला. हे वाक्य मला आजही बोचते.

कंपनीच्या माणसाला बोलावले. तो आला, मागचे झाकण न उघडताच त्याने दोनदा बटण फिरवून पाहिले आणि निदान सांगितले : “कॉइल गेलंय बघा, सर.” नवी कॉइल येण्यास दहा-बारा दिवस लागणार होते आणि खर्चाचा आकडा ऐकून सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. दुपटी पुन्हा जिन्याच्या कठड्यावर चढली.

आमच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. हा सगळा प्रकार त्या पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, तू एवढासा होतास तेव्हा मी शेगडीवर टोपली पालथी घालून तुझी दुपटी वाळवीत असे. खाली निखारे, वर वेताची टोपली, टोपलीवर दुपटं. पण टोपली कधी सगळी झाकली नाही बरं का. चहूकडून झाकली तर दुपट्याला वाफेचा ओलावा येतो, सुकत नाही; आणि निखारे जास्त झाले तर करपतं. वाफ जायला वाट ठेवावी लागते. तुझ्या त्या पेटीतली वाफ कुठून जाते?”

मी एम.ए. झालेलो, शाळेत तीस वर्षे घालविलेला माणूस; पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. एवढेच नव्हे, तर त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते आणि ते सांगण्याची मला लाज वाटत होती.

त्याचे असे झाले होते. यंत्राची नळी परसाकडच्या भिंतीतून बाहेर काढली होती. त्या नळीतून गरम हवेबरोबर कपड्यांची झीज होऊन निघणारी कापसासारखी बारीक लव बाहेर उडत असे आणि ती नेमकी परसातल्या तुळशीवर जाऊन बसे. तुळशीवर राखाडी लव दिसू लागल्याने सौ.ने तक्रार केली. तेव्हा मी मोठ्या चातुर्याने माझ्या एका जुन्या धोतराचा तुकडा नळीच्या तोंडाला सुतळीने घट्ट बांधला. हवा जाईल, लव अडेल, असा माझा हिशेब. त्याच आठवड्यात पाळण्याला जागा हवी म्हणून यंत्रही चार बोटे भिंतीकडे सरकविले होते.

मातोश्रींचे बोलणे मनात घोळत असतानाच आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आठवला. गणितात त्याने मला फार छळले होते; आज तो विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करून उत्तम संसार चालवितो. तो आला. आल्याबरोबर त्याने यंत्राला हात लावला नाही. परसात गेला, नळीच्या तोंडाशी तळहात धरला आणि आत मला हाक मारून म्हणाला, “सर, जरा मशीन चालू करा.” मी चालू केले. तो म्हणाला, “मशीन फुंकतंय, पण इथं वारा नाही.” मग त्याने धोतराचा तुकडा सोडला. त्याच्या आतल्या बाजूला भिजलेल्या लवीचा बोटभर जाड थर बसला होता, अगदी बुरणुसासारखा. यंत्र पुढे ओढले तर मागे नळी दबून तिची जवळजवळ घडी झालेली. नळी काढून झटकली, तेव्हा आतून लवीचे बोळेच्या बोळे पडले. त्यांतले यंत्राकडच्या टोकाचे काही बोळे तपकिरी झालेले होते. सूनबाईला आलेला वास नवीन यंत्राचा नव्हता.

एवढे झाल्यावर त्याने प्लग काढला, मागचे झाकण उघडले आणि मीटरने कॉइल मोजली. सव्वीस ओहमच्या आसपास आकडा आला. दोन हजार वॅटच्या, २३० व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलचा रोध तेवढाच यावयास हवा, म्हणजे कॉइल ठणठणीत होती. बिघडले होते ते काहीच नव्हते. उलट, जे करावयास हवे तेच एका लहानशा भागाने केले होते. हवा अडल्यामुळे कॉइलभोवतीची उष्णता मर्यादेपलीकडे गेली, तेव्हा वीज तोडणाऱ्या सुरक्षा-थर्मोस्टॅटने कॉइलचा पुरवठा बंद केला होता. आमच्या यंत्रात त्याला एक बारीक बटण होते. ते दाबताच पुरवठा पूर्ववत झाला. काही यंत्रांत या जागी एकदाच कामास येणारा फ्यूज असतो. तो गेला म्हणजे बदलावाच लागतो. माझ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट बजावून सांगितली, ती जशीच्या तशी येथे देतो : “सर, काही लोक हा भाग काढून दोन तारा सरळ जोडून देतात. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश. पण तसं कुणाला करू देऊ नका. आग अडवणारा हा शेवटचा शिपाई आहे.” आणि दुसरे असे, की हा फ्यूज गेला म्हणून नुसता बदलला आणि हवा अडण्याचे कारण तसेच ठेवले, तर नवा फ्यूजही काही दिवसांत जातो. मालक मग यंत्राला शिव्या देतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या तीन वर्षांची पाहणी केली, तेव्हा तेथील घरांत ड्रायरमुळे लागलेल्या आगी वर्षाला सरासरी सुमारे २,९०० भरल्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण, शेकडा ३४ आगींत, यंत्र साफ न करणे हे आढळले. तेथे घरोघरी ही यंत्रे आहेत म्हणून हा आकडा मोठा. पण लव बेळगावची असो की बोस्टनची, ती सारखीच पेटते. माझा नातू त्या यंत्रापासून सहा हातांवर पाळण्यात झोपत होता.

आता थोडे शास्त्र. कपडा उष्णतेने वाळतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी. उष्णता पाण्याची वाफ करते, पण ती वाफ कपड्यापासून दूर नेण्याचे काम हवेचे. हवेलाही पाणी पिण्याची मर्यादा असते. २४ अंश सेल्सियसची एक घनमीटर हवा फार तर सुमारे २२ ग्रॅम वाफ पोटात ठेवू शकते. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापविली तर तिची भूक सुमारे १३० ग्रॅमपर्यंत वाढते. यंत्र हवा तापविते ते एवढ्यासाठी. पण भरल्या पोटाची हवा बाहेर गेलीच नाही, तर नवी भुकेली हवा आत येणार कोठून? मग कपडे वाफेत शिजत राहतात, उकडीच्या मोदकांसारखे.

हा विषय डोक्यात इतका घोळला, की मी शाळेत सातवीच्या मुलांकडून एक प्रयोगच करविला. सारखे दोन हातरुमाल भिजवून सारखेच पिळले. एक स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावले आणि डबा माध्यान्ह भोजनाच्या चुलीजवळ, ऊब लागेल असा ठेवला. दुसरा वर्गातल्या पंख्याखाली दोरीवर टांगला. बाहेर अर्थातच पाऊस. कोणता आधी वाळेल, असे विचारल्यावर बहुतेक सर्व हात डब्याच्या बाजूने वर झाले. शाळा सुटताना डबा उघडला. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब, रुमाल गरम आणि चिंब. पंख्याखालचा रुमाल जवळजवळ कोरडा. एका मुलीने विचारले, “सर, मग डब्याला भोक पाडलं तर?” मला मातोश्रींची टोपली आठवली.

युरोपातही हा विचार पुष्कळ जुना आहे. सन १८०० च्या सुमारास फ्रान्समधील पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोके पाडलेले पिंप विस्तवावर हाताने फिरविण्याचे यंत्र केले होते. कपड्यांना त्यात धुराचा वास लागे, क्वचित ते जळतही. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन यांनी १८९२ मध्ये चुलीच्या उबेचा उपयोग करणाऱ्या वाळवणाचे पेटंट घेतले आणि आज आपण पाहतो तशा स्वयंचलित ड्रायरची विक्री तेथे १९३८ मध्ये सुरू झाली. पालथ्या टोपलीचे पेटंट मात्र आपल्या आज्यांपैकी कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे आणि ते नीट वाळवीत नाही, त्यांनी मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी काय पाहावे, हे आता अनुभवाने सांगतो. आरंभ नेहमी हवेपासून करावा. दाराशी किंवा दाराच्या आत लवीची जाळी असते, ती प्रत्येक खेपेस साफ करावी. आठवड्यातून एकदा नव्हे, प्रत्येक खेपेस. कपडे मऊ होण्यासाठी जी द्रव्ये वापरतात, त्यांचा एक अदृश्य थर जाळीवर बसतो. जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण हवा जात नाही. याची परीक्षा सोपी आहे. जाळी नळाखाली धरावी. पाणी आरपार गेले तर ठीक, वर साचून राहिले तर साबणाने आणि मऊ ब्रशाने धुवून, पूर्ण वाळवून मगच बसवावी. त्यानंतर यंत्र चालू करून बाहेर नळीच्या तोंडाशी हात धरावा. तेथे जोरदार, उबदार झोत लागलाच पाहिजे. नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी, मागे दबलेली नसावी, धातूची मिळाल्यास प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा बरी. तिच्या तोंडाला बारीक जाळी, फडके, मोजा यांपैकी काहीही बांधू नये. हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो ते वाचकांच्या लक्षात आले असेलच. चिमण्या-पारव्यांनी घरटे करू नये म्हणून आपोआप उघडमीट होणारी झडप मिळते, ती लावावी.

पुष्कळ घरांत भिंतीला भोक नको म्हणून नळी न्हाणीघरातच सोडून देतात आणि दार लावून घेतात. यंत्र ज्या हवेत वाफ सोडते तीच हवा पुन्हा आत ओढते! पाऊण तासात भिंतींना घाम फुटतो आणि कपडे जिथल्या तिथे. एक खिडकी तरी उघडी हवी, आणि ओली हवा घरात न सोडता बाहेर गेली पाहिजे.

हवा ठीक असेल, तर मग पाणी पाहावे. ड्रायरचे काम वॉशिंग मशीनमध्येच अर्धे होत असते. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा जो लहान काटा मिळतो, त्यावर मी कपडे तोलून पाहिले. कोरडे असताना चार किलो भरलेले कपडे धुवून मिनिटाला आठशे फेऱ्यांनी पिळले, तेव्हा सहा किलो आठशे ग्रॅम भरले. बाराशे फेऱ्यांनी पिळले, तेव्हा सहा किलो दोनशे. म्हणजे निव्वळ पिळण्याच्या फरकाने सहाशे ग्रॅम पाणी कमी झाले. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास कमीत कमी दोन-तृतीयांश युनिट वीज लागतेच. त्यापेक्षा कमी विजेत ते काम करणारी कॉइल निघालेली नाही. हिशेब करून पाहा. सहाशे ग्रॅम पाणी पिळून काढणे फारच स्वस्त, उकळून काढणे महाग. म्हणून पाच मिनिटे अधिक पिळावे आणि वीस मिनिटे कमी वाळवावे.

भरण्याचीही एक रीत असते. ड्रम गच्च भरला तर कपडे उसळून खाली पडत नाहीत, एका गोळ्याने फिरतात आणि मधल्यांना हवा लागत नाही. पलंगपोस आणि उशांचे अभ्रे एकत्र टाकले, की पलंगपोस सगळे अभ्रे आणि मोजे गिळून बसतो. वरून वाळलेला, पोटात ओला. साडीचा तर दोरखंड होतो. मातोश्रींचे नऊवारी लुगडे एकदा टाकून पाहिले, ते सोडवायला दोघे लागले. परकरांच्या नाड्या आधी बांधून घ्याव्यात. जाड टॉवेल आणि पातळ सदरे एकत्र वाळविले, तर सदरे करकरीत होईपर्यंत टॉवेल ओलेच. आणि ज्या यंत्रांत कपडे वाळल्याचे आपोआप ओळखून यंत्र थांबते, त्यांत ड्रमच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्यांवर थर बसला किंवा आत अगदी थोडे कपडे असले, तर ओळखण्यात चूक होते आणि यंत्र वेळेआधी थांबते. पट्ट्या ओल्या फडक्याने, थोड्या व्हिनेगरने पुसल्या की बहुधा काम भागते.

एवढे सर्व ठीक असूनही वाळत नसेल, तर विजेकडे वळावे. पावसाळ्यात आमच्याकडे दाब खाली येतो, दिवे मंदावतात. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला तर उष्णताही तेवढ्याच प्रमाणात उतरेल असे आपल्याला वाटते, पण कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून १८० व्होल्टवर ती निम्म्याहून थोडी अधिक, शेकडा ६१ एवढीच राहते. दीड तासाचे काम मग सहज अडीच तासांवर जाते आणि दोष यंत्राच्या माथी. प्लग सोळा अँपियरच्या स्वतंत्र सॉकेटमध्येच असावा. सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा पिवळे पडले असेल, तर यंत्र तेथेच थांबवून वायरमनला बोलवावे. लांबवरून एक्स्टेन्शनची तार ओढून ड्रायर चालविणे म्हणजे तारेलाच शेगडी करणे होय. ड्रम फिरतच नाही आणि मोटार मात्र घुमते, असे झाले तर बहुधा पट्टा तुटलेला असतो. हे आणि कॉइल-थर्मोस्टॅटचे काम मात्र जाणकाराचे. आपण प्लग काढून गप्प बसावे.

सर्वच यंत्रांना नळी नसते. काही यंत्रे वाफ थंड करून तिचे पाणी एका टाकीत साठवितात. ती टाकी भरली की यंत्र थांबते, आणि खालच्या बाजूची, वाफ थंड करणारी चौकट लवीने भरली की कपडे ओले राहतात. टाकी दर खेपेस रिकामी करावी आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती चौकट साफ करावी. हीट पंपाची यंत्रे कमी तापमानावर सावकाश वाळवितात. त्यांना वेळ अधिक लागतो, वीज कमी; तो दोष नव्हे, स्वभाव आहे. धुणे आणि वाळविणे एकाच ड्रममध्ये करणाऱ्या यंत्रांबाबत तर मोठाच गैरसमज आढळतो. आठ किलो धुणारे यंत्र पुष्कळदा पाचच किलो वाळवू शकते. धुतलेले सगळे तसेच आत ठेवून बटण दाबले, तर ते वाळणार कसे? निम्मे काढून ठेवावेत.

आणि ती अर्ध-स्वयंचलित यंत्राची पिळणारी टाकी? ती थडथडत असेल तर कपडे एका बाजूला झुकले आहेत. ते सारखे दाबून वर प्लॅस्टिकची चकती बसवावी. कपडे निथळत नसतील तर पाणी जाण्याची नळी वर उचललेली किंवा तुंबलेली आहे काय, ते पाहावे. झाकण नीट लागले नाही तर ती फिरतच नाही. गती मंदावली असेल तर ब्रेकची तार किंवा मोटारीचा कपॅसिटर मेकॅनिककडून तपासून घ्यावा. ग्वाल्हेरच्या थंडीत, धुक्याने आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा, या टाकीने नीट पिळलेले कपडे बंद खोलीत नव्हे, तर खिडकी किलकिली ठेवून पंख्याखाली घालावेत.

एक सूचना मात्र मी वेगळी आणि जरा आवाज चढवून देणार आहे, कारण ती विशेषेकरून आपल्या घरांची आहे. बाळाला तेल लावून न्हाऊ घालतो, ते पंचे. दिवाळीच्या अभ्यंगाचे टॉवेल. स्वयंपाकघरात कढईखाली धरलेली फडकी. यांत तेल मुरलेले असते आणि एका धुण्याने ते सगळे निघत नाही. असा तेलकट कपडा ड्रायरमध्ये तापविला आणि गरमागरम ढीग करून टोपलीत ठेवला, तर तेलाची हवेशी क्रिया होऊन ढिगाच्या आत उष्णता वाढत जाते. ती बाहेर निघायला वाट नसते, आणि कोणी काडी न लावता कपडे धुमसू शकतात. आमच्या घरी पहिले तीन आठवडे बाळाचे तेलाचे पंचे त्या यंत्रात जात होते. सूनबाई ते आता वेगळ्या बादलीत गरम पाण्याने धुते आणि दांडीवरच घालते. शेवटची दहा मिनिटे यंत्र थंड हवा सोडते, तीही याच कारणासाठी. घाई करून ते मध्येच बंद करू नये आणि केलेच, तर कपडे लगेच बाहेर पसरावेत. रात्री यंत्र लावून झोपी जाणे आमच्याकडे बंद झाले आहे.

शाळेतल्या त्या प्रयोगाचा एक परिणाम असा झाला, की ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. सातवीतला एक मुलगा पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस तरी गैरहजर राहत असे. मी त्याला दोनदा रागावलोही होतो. प्रयोगानंतर तो माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाला, “सर, आमच्याकडं पंखा एकच आहे, तो आजोबांकडं असतो. माझा गणवेश चुलीवर वाळतो; धुराचा वास येतो म्हणून मुलं हसतात. ओला असला की मी येत नाही.” त्याला एकच गणवेश होता. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत दोऱ्या बांधलेल्या असतात, दोन्ही खिडक्या उघड्या असतात आणि पंखा चालू असतो. संध्याकाळी मुले घरचे कपडे घालून जातात, पिळलेला गणवेश तेथे टांगून जातात. सकाळी शिपाई तो घडी करून ठेवतो. विजेचा खर्च किती येतो असे वरून विचारले गेले, तेव्हा मी आकडा कळविला. त्यावर अजून उत्तर आलेले नाही, आणि मीही स्मरणपत्र पाठविलेले नाही.

आमचे यंत्र आता पुन्हा दीड तासात कपडे वाळविते. नळीच्या तोंडाला काहीही बांधलेले नाही. तुळशीवर लव बसते, सौ. संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी तिच्यावर तांब्याभर पाणी घालते आणि माझ्याकडे पाहते. मातोश्री स्वतःचे लुगडे मात्र यंत्रात घालू देत नाहीत. ते अजूनही काठीने माजघरातल्या उंच दांडीवर जाते आणि तिसऱ्या दिवशी उतरते.